पुरवणीतल्या त्या स्लॉथच्या फोटोबद्दल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला इको-अ‍ॅडव्हेंचर हनिमूनवरचा लेख वाचला. ई-पेपरवर वाचला, कारण लग्नानंतर सध्या ह्यूस्टनला असते, मूळची सावंतवाडीची, आणि सकाळच्या चहासोबत आपला पेपर उघडायची सवय काही सुटत नाही, तेव्हा तिकडे संध्याकाळ झालेली असते तो भाग वेगळा. लेखात मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाचं नाव बघून उठूनच बसले. आम्ही दोघं या मार्चमध्ये तिथेच अकरा दिवस फिरून आलोय, आमचा पण हनिमूनच तो, सुट्ट्या आणि व्हिसाच्या भानगडीत लग्नानंतर दीड वर्षाने झालेला. लेख तसा ठीक आहे, ज्वालामुखी, धबधबे, झिपलाइन सगळं आलंय. माझं भांडण लेखाशी नाही, त्याच्या डोक्यावर छापलेल्या फोटोशी आहे. गॉगल लावलेली नवी नवरी, हातात हिरवा चुडा, बाजूला नवरोबा, आणि तिच्या कडेवर स्लॉथ, झाडाला लटकून राहणारा तो अतिशय संथ प्राणी. खाली ओळ काय तर ‘निसर्गाच्या कुशीत’. अहो, इथे तर निसर्गालाच धरून हिच्या कुशीत कोंबलाय!

फोटो कुठला आहे ते छापलेलं नाही, दुसऱ्या कुठल्या देशातला असेलही. पण लेख कोस्टा रिकाचा आणि वर हा फोटो म्हटल्यावर वाचणाऱ्याला वाटणार की तिकडे गेलं की स्लॉथ कडेवर देतात. आणि गंमत बघा, असले फोटो काढू नका म्हणून सरकारी पातळीवर मोहीम चालवणारा देश नेमका तोच आहे. २०१९ मध्ये त्यांच्या पर्यावरण मंत्रालयाने ‘स्टॉप अ‍ॅनिमल सेल्फीज’ अशी हॅशटॅगवाली मोहीम काढली होती. त्याआधी २०१२ ला शौकाची शिकार कायद्याने बंद केली. राजधानी सान होसेमधलं सरकारी प्राणिसंग्रहालय पण २०२४ मध्ये बंद करून तिथले प्राणी रेस्क्यू सेंटरला हलवले. अशा देशावरच्या लेखाला हा फोटो म्हणजे पंढरपूरच्या वारीवरच्या लेखाला मटणाच्या ताटाचा फोटो लावण्यासारखं झालं.

आता मी काही साधुसंत नाही, हे पण कबूल करते. जायच्या आधी मला स्वतःलाच तसा फोटो हवा होता. इन्स्टावर बघितलेले ना. आम्ही पॅकेज घेतलं ते पुण्यातल्या एका एजंटकडून, नाव लिहीत नाही, नवऱ्याच्या मित्राच्या ओळखीचे होते. त्यांनी पाठवलेल्या कागदावर चौथ्या दिवशी लिहिलेलं ‘रोमँटिक अ‍ॅनिमल इंटरअ‍ॅक्शन विथ फोटो’, आणि त्याचे वेगळे पैसे. मी खूश. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "हनिमूनला जंगलात? रामाने चौदा वर्षं काढली तेवढी पुरेत की." माझ्या आजीचा प्रश्न एकच, "थंय खातलंस काय गो?" आजीला उत्तर नंतर देते.

तर ला फोर्तुना म्हणून गाव आहे, आरेनाल ज्वालामुखीच्या पायथ्याशी. तिथल्या लॉजच्या काउंटरवर एक बाई होत्या, वयाने साधारण आईएवढ्या. त्यांना मी तो कागद दाखवला आणि विचारलं की उद्या हे किती वाजता आहे. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा वर केला आणि अगदी हसून म्हणाल्या, असं आम्ही करत नाही, कोणी करत असेल तर मला त्याचं नाव सांगा. म्हणजे मीच चोर! एवढी लाज वाटली मला. रात्री एजंटला व्हॉट्सअ‍ॅप केला तर उत्तर, "मॅडम सगळे कपल्स घेतात, तुम्ही पहिल्याच नाही म्हणताय." भांडून भांडून अर्धे पैसे परत मिळाले. उरलेले अर्धे ‘प्रोसेसिंग’मध्ये गेले म्हणे, कसली प्रोसेसिंग देव जाणे.

दुसऱ्या दिवशी गाईडसोबत खरा स्लॉथ बघायला गेलो. तासभर काहीच नाही. मग त्याने रस्त्यातच तीन पायांचा स्टँड लावला, वर मोठी दुर्बीण, आणि म्हणाला बघा. मी बघितलं तर सेक्रोपियाच्या झाडावर, पार वर, दोन फांद्यांच्या बेचक्यात नारळाचं सोडण अडकलेलं असावं तसं काहीतरी. पावसात भिजून जुनं झालेलं सोडण असतं ना, करडं, कडेला हिरवट, डिट्टो तसंच. मी म्हटलं हे काय दाखवतोय हा. पाच मिनिटं डोळा लावून बसले आणि मग त्या सोडणातून एक हात निघाला. इतका हळू, की आधी वाटलं वाऱ्याने काहीतरी हललंय. हात वर गेला, तीन नखं फांदीवर टेकली, परत थांबला. एवढंच. त्यानंतर वीस मिनिटं काही नाही. आणि खरं सांगते, नवऱ्याने माझा हात धरलेला ते मला दुर्बिणीतून डोळा काढल्यावर कळलं.

गाईड सांगत होता तो हिरवा रंग शेवाळाचा, स्लॉथच्या केसांत शेवाळ वाढतं आणि त्यात बारीक पतंग राहतात, म्हणजे एकेक स्लॉथ हे चालतंफिरतं जंगलच, फक्त फार चालत नाही एवढंच. आठवड्यातून साधारण एकदा खाली उतरतो, ते सुद्धा शी करायला, बाकी सगळं वरच. आणि ते हसू! फोटोत तो हसतोय असं वाटतं ना, तो त्याच्या तोंडाचा आकारच आहे, घाबरला तरी तसाच दिसणार आणि मरायला टेकला तरी तसाच. तो पळू शकत नाही, फारसा ओरडत नाही, चावला तरी क्वचित. माणसाच्या गळ्यात पडतो कारण जन्मापासून त्याला जे समोर येईल त्याला धरून लटकायचं एवढंच ठाऊक. आपण त्याला मिठी म्हणतो, त्याच्या लेखी आपण फांदी. वर आपल्या हाताला सनस्क्रीन आणि मच्छरांचं क्रीम फासलेलं, ते सगळं त्या शेवाळात. हे ऐकल्यावर माझी फोटोची हौस तिथेच फिटली.

आता आजीचं उत्तर. तिथे छोट्या खानावळीला ‘सोडा’ म्हणतात, आपल्या सुकवलेल्या सोड्यांशी काही संबंध नाही, पाटी बघून मी उगाच खूश झालेले. सोडामध्ये दुपारी मिळतं ते ‘कासादो’. भात, काळ्या घेवड्याची उसळ, कोशिंबिरीसारखी सॅलड, पिकलेल्या केळ्याचे तळलेले काप आणि सोबत मासा किंवा चिकन, नको असेल तर अंडं नाहीतर चीज. म्हणजे आपलं ताटच की हो. कासादोचा अर्थ ‘लग्न झालेला’. मालकीणबाईंना कळलं की आम्ही हनिमूनला आलोय तर दोन ताटं ठेवताना दोघांकडे बोट करून "कासादो, कासादा" म्हणून एवढ्या हसल्या की आतून त्यांचा मुलगा बाहेर बघायला आला. सकाळी मिळतो तो ‘गायो पिंतो’, अर्थ ठिपक्यांचा कोंबडा, आणि त्यात कोंबडा औषधालाही नसतो, तो म्हणजे फोडणीचा भात घेवडा घालून. शाकाहारी नवरा घेऊन गेलात तरी उपाशी राहणार नाही, एवढं जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवते. तिखट मात्र घरून न्या.

आरेनालबद्दल लेखात ‘रोमँटिक ज्वालामुखी’ असं लिहिलंय. असू दे, डोंगर दिसतो खरा सुंदर, अगदी लहान मुलाने काढलेल्या चित्रातल्यासारखा त्रिकोणी. पण १९६८ सालच्या जुलैपर्यंत आसपासचे लोक त्याला नुसता डोंगरच समजत होते, आणि २९ जुलैला तो फुटला तेव्हा खालची गावं गेली, माणसं गेली. मग २०१० पर्यंत धुमसत होता. आता शांत आहे, सगळे गरम पाण्याच्या कुंडात बसून त्याच्याकडे बघत ज्यूस पितात. आम्ही पण प्यायलो. खोटं कशाला बोलू.

तिथून मोंतेवेर्देला गेलो, आधी गाडी मग तलावातून बोट मग परत गाडी. हे खरं ढगांचं जंगल. पाऊस पडत नाही पण सगळं ठिबकत असतं, झाडाच्या बुंध्यावर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांवर ऑर्किड, इंचभर खोड उघडं दिसेल तर शपथ. मला सारखी जुलैमधली आंबोली आठवत होती, धुक्यात गाडीचे दिवे लावून घाट चढायचा ती. फरक एवढाच की इथे भुट्ट्याची गाडी नव्हती आणि गाडीच्या डिकीत स्पीकर लावून नाचणारे पण नव्हते.

हे जंगल टिकलं कसं त्याची गोष्ट लेखात यायला हवी होती असं मला वाटतं, कारण झिपलाइन काय कुठेही बांधता येते. कोस्टा रिकाने १९४८ मध्ये आपलं सैन्यच बरखास्त केलं. आणि १९५१ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामातून क्वेकर पंथाची काही कुटुंबं इथे राहायला आली, हे लोक युद्धाच्या विरोधात, त्यांच्यातले काही सैन्यभरतीला नोंदणी करायला नाही म्हटले म्हणून तुरुंगात जाऊन आलेले. सैन्य नसलेला देश शोधत आले आणि या डोंगरात जमीन घेऊन गाई पाळायला लागले, चीज करायला लागले. पण डोंगरमाथ्यावरचं जंगल त्यांनी तोडलं नाही, कारण पाणी तिथून यायचं. झालं, देवराईच की ती. आपल्याकडे देवाच्या धाकाने राखली, तिकडे पाण्याच्या हिशेबाने. पुढे १९७२ मध्ये शेजारच्या जंगलाचं राखीव क्षेत्र झालं, आणि १९८७ मध्ये तर स्वीडनमधल्या एका शाळेतल्या लहान पोरांनी पैसे गोळा करून इथलं जंगल विकत घ्यायला सुरुवात केली, ती चळवळ इतर देशांतल्या शाळांत पसरली, त्या जंगलाचं नाव आजही ‘मुलांचं चिरंतन जंगल’ असंच आहे.

बाकी देशाचं म्हणाल तर सगळं काही असं गोड नव्हतं. आमच्या तिथल्या गाईडचे आजोबा झाडं तोडणारे. तेव्हा जंगल साफ केलं म्हणजे जमीन ‘सुधारली’ असं धरायचे आणि हक्क सांगता यायचा, शिवाय अमेरिकेच्या हॅम्बर्गरला बीफ हवं, म्हणून गुरांसाठी जंगलं सपाट. ऐंशीच्या दशकापर्यंत जेमतेम पाव देशावर जंगल उरलेलं. मग १९९६ मध्ये कायदा आला, जंगल तोडून जमिनीचा वापर बदलायचा नाही, आणि दुसऱ्या वर्षापासून जो शेतकरी आपलं रान राखेल त्याला सरकार पैसे द्यायला लागलं, ते पैसे बरेचसे पेट्रोल-डिझेलवरच्या करातून. आज निम्म्याहून जास्त देशावर झाडी आहे. महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाएवढा देश, लोकसंख्या पन्नास लाखांच्या घरात, त्यांनी हे केलं. गाईड म्हणाला आजोबांची कुऱ्हाड आमच्या घरात अजून आहे, आणि तोच दिवसभर लोकांना झाडं दाखवून पोट भरतो. आपल्याकडे खाजगी रानं तोडून रबर आणि काजू लावणारे आमच्याच नात्यात आहेत, त्यांना नुसतं ‘निसर्ग वाचवा’ म्हणून काय होणार, त्यांच्या खिशाचं कोणी बोलेल का? असो, हा वेगळ्या पत्राचा विषय.

मोंतेवेर्देत रात्री पण जंगलात चालायला नेतात. फ्लॅश बंद, बोलणं बंद, गाईडच्या पायावर पाय ठेवून चालायचं. झोपलेले पक्षी बघितलेत कधी? मी नव्हते बघितले. फांदीवर कापसाचा गोळा ठेवल्यासारखा, डोकं कुठे शेपूट कुठे कळत नाही. एका पानावर हिरवा साप वेटोळं करून बसलेला, झाडावरचा व्हायपर, आमच्या आंबोलीतल्या चापड्याचा लांबचा भाऊ शोभावा असा. आणि वाटेवर पानं कापणाऱ्या मुंग्यांची रांग, प्रत्येकीच्या डोक्यावर हिरव्या पानाचा तुकडा, लांबून बघितलं तर वाटतं छोट्या छोट्या होड्यांची शर्यत चाललीये. त्या ती पानं खात नाहीत. बिळात नेऊन चावून त्यावर बुरशी पिकवतात आणि ती बुरशी खातात, म्हणजे शेतीच करतात, आणि रात्रपाळीत पण. नवरा म्हणाला आयटीवाल्यांसारख्याच आहेत, फक्त यांना खायला मिळतं. एक मुंगी माझ्या बुटावर चढली तर गाईडने ती झटकू दिली नाही, काडीवर घेऊन परत रांगेत सोडली.

त्याच रात्री त्याने सोनेरी बेडकाची गोष्ट सांगितली, खरं तर टोड. या डोंगराच्या एका छोट्या पट्ट्यात तो सापडायचा आणि जगात दुसरीकडे कुठेच नाही. नर अगदी झेंडूसारखा केशरी. १९८७ मध्ये डबक्यांभोवती दीड हजारांवर मोजलेले. १९८९ मध्ये एकच नर दिसला. त्यानंतर नाही. बुरशीचा रोग आणि त्या वर्षांतला कोरडेपणा अशी कारणं सांगतात, २००४ मध्ये नामशेष म्हणून नोंद झाली. म्हणजे मी जन्मायच्या आधीच तो गेला. गाईड हे सांगत होता आणि मला काय आठवत होतं तर आमचा आंबोली टोड. तो पण आंबोलीच्या परिसराबाहेर मिळत नाही, पहिल्या पावसात सड्यावर निघतो, आणि रस्ता ओलांडताना गाड्यांखाली जातो. आम्ही लहानपणी मामाकडे जाताना गाडीच्या दिव्यात रस्त्यावर बेडूक उड्या मारताना बघायचो आणि हसायचो. त्यातले कुठले ते असतील काय माहीत. कोणी सांगितलंच नव्हतं.

तिथून पुढे जाताना वाटेवर मानुएल अंतोनिओचं राष्ट्रीय उद्यान करायचं होतं, एजंटच्या कागदावर होतं. मंगळवारी ते बंद असतं. आम्ही मंगळवारी पोचलो. पुढे बोलत नाही.

शेवटचे चार दिवस कोर्कोवादोचं राष्ट्रीय उद्यान, ओसा द्वीपकल्पावर, आणि लेखात ज्याचं ‘लक्झरी वाइल्डरनेस’ असं वर्णन आलंय ते हेच असेल तर लेखकाने एकदा तिकडे जाऊन यावं अशी नम्र विनंती. सिएर्पे गावातून बोट निघते, तासभर खारफुटीतून, अगदी आपल्या खाडीसारखी, तिवरांच्या मुळ्या तशाच, मग एकदम उघड्या समुद्रात आदळते. उतरायचं ते ड्रेक बेला, आम्ही उतरलो तिथे धक्का नव्हता. बोट किनाऱ्यापासून थोडी लांब थांबते आणि तुम्ही पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उडी मारायची, बॅग डोक्यावर. माझी आई बघती तर म्हणाली असती यासाठी एवढे पैसे भरलेस? लॉजवर पहिली वस्तू काय दिली, वेलकम ड्रिंक नाही, गमबूट. आमच्याकडे लावणीला घालतात तेच काळे.

उद्यानात गाईडशिवाय पाऊल टाकता येत नाही, २०१४ पासून सक्ती आहे, दिवसाला माणसं पण ठराविकच. गाईडने आदल्या रात्री आमच्या बॅगा उघडायला लावल्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या आणि नवऱ्याने पुण्याहून आलेल्या पार्सलमधून जपून आणलेला भाकरवडीचा पुडा बाहेर काढला. नवरा म्हणतो, निदान इथे बसून संपवू का? मग तिघांनी मिळून संपवला, गाईडला फार आवडली, त्याने नाव कागदावर लिहून घेतलं.

सिरेना म्हणून आत रेंजर स्टेशन आहे, तिथे एक रात्र राहिलो. आता ऐका. वर छप्पर, बाजूंना भिंती नाहीत, मधे दोन मजली लोखंडी पलंगांच्या रांगा, प्रत्येकाला मच्छरदाणी. मी खाली, नवरा वर, शेजारी दोन जर्मन आजोबा घोरतायत आणि आठच्या सुमाराला दिवे बंद. असा आमचा हनिमून. वरून आवाज आला, "झोपलीस का?" मी म्हटलं, "हो." त्यावर दोघंही मच्छरदाणीत तोंड दाबून इतके हसलो की एका आजोबांचं घोरणं थांबलं. पहाटे साडेचारला मात्र जंगलातून असला काही आवाज आला की नवरा वरच्या पलंगावर ताडकन उठून बसला आणि डोकं आपटलं. वाघाची डरकाळी म्हणावी तर तशी, वादळ म्हणावं तर तसं. ते हाउलर माकड. एवढंसं माकड, आमच्या वानरापेक्षा काही मोठं नाही, आणि आवाज काही किलोमीटर जातो.

सकाळी किनाऱ्यावरून चालताना वरून टपाटप काहीतरी पडत होतं. बघते तर लाल मकाव पोपट, सात-आठ, जोडीजोडीने बसलेले, लाल पिवळा निळा असे तिन्ही रंग भडक, आणि खातायत काय तर बदाम! म्हणजे आपला देशी बदाम, शाळेच्या आवारात असतो तो, त्याची फळं. मूळ आपल्या बाजूचं झाड, तिकडच्या किनाऱ्यावर जाऊन रुजलंय आणि मकाव त्याच्यावर चरतात. आम्ही शाळेत दगडाने ते बदाम फोडून आतली बी खायचो, एका बीसाठी चार वेळा बोट चेचून घ्यायचं. मकाव पायाच्या मुठीत फळ धरतो, चोचीने एका बाजूने सोलतो, जीभ घालून बी फिरवून बाहेर काढतो आणि उरलेलं टरफल बिनधास्त तुमच्या डोक्यावर. मी एक उचललं, अर्धवट सोललेलं, आत जांभळट लाल रेषा, वास अगदी तोच, आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीचा. खिशात ठेवावंसं वाटलं होतं. गाईडने मान हलवली, उद्यानातून काही न्यायचं नाही. ठेवलं परत.

ताप‍िर पण दिसला, चिखलात झोपलेला, डुकराचं अंग आणि हत्तीच्या सोंडेचा नुसता नमुना. आम्ही दहा-बारा माणसं लांब उभी, कोणी ब्र काढत नव्हतं. एकाने मोबाईल वर केला आणि चुकून फ्लॅश चमकला तर तिघा गाईडांनी एकदम त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा मोबाईल खिशात घालून मागे जाऊन उभा राहिला. कोणी दंड केला नाही, शिटी मारली नाही. नुसतं बघितलं. ती नजर मी पावसाळ्यात आंबोलीच्या धबधब्यावर पार्सल मागवायला तयार आहे, तिथे माकडांना वेफर्स खाऊ घालणाऱ्यांसाठी.

हे सगळं लांबलं, काटछाट करालच. पण मुद्दा फोटोचाच आहे. माझ्यासारख्या मुली तो फोटो बघून एजंटला विचारतात, एजंट ‘सगळे घेतात’ म्हणून विकतो, आणि ज्या देशात हे मिळत नाही तिथे नाही तर दुसऱ्या देशात कुठेतरी झाडावरून पिल्लू ओढून काढलं जातं, कारण मागणी आहे. पकडून असे हातोहाती फिरवलेले स्लॉथ फार दिवस जगत नाहीत. आपला पेपर आमच्या गावात वाचनालयात दिवसभर दहा जण वाचतात, त्यात छापलं म्हणजे ते चालतं असं लोक समजतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा पुढच्या रविवारी दोन ओळींचा खुलासा छापावा ही विनंती. आणि पुढच्या वेळी लेख द्याल तेव्हा वेळासच्या कासवांचाही द्या, तिथे पण गावातल्या घरात राहून, पहाटे उठून, लांब उभं राहून पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतात. हात न लावता. माझ्या चुलतबहिणीचं डिसेंबरात लग्न आहे, तिला मी तेच सुचवलंय, ती अजून माझ्याशी बोलत नाहीये.

फोटो बदलायला हवा असेल तर आमचा एक सोबत पाठवतेय, नवऱ्याने दुर्बिणीला मोबाईल लावून काढलेला, वापरायला आमची हरकत नाही. आम्ही दोघं त्यात नाही. हलला आहे थोडा. स्लॉथ दिसत नसेल तर वरच्या डाव्या बाजूच्या बेचक्यात बघा, सोडणासारखं आहे ते.

आपली वाचक,
मूळ सावंतवाडी, सध्या ह्यूस्टन
(नाव छापू नये, सासूबाई पण हाच पेपर वाचतात)